एका घरांत दोन मापें

मोजमापाचा प्रश्न हा प्रयोगशाळेंतील शास्त्रज्ञांचा किंवा सरकारी कचेरींतील अधिकाऱ्यांचा प्रश्न आहे, अशी सर्वसाधारण समजूत असते. वस्तुतः या प्रश्नाचें खरें ठिकाण घर हेंच आहे. शहरांतील कोणत्याहि सुशिक्षित कुटुंबाचा एका दिवसाचा व्यवहार पाहावा. सकाळीं दूध लिटरनें येतें आणि भाजी किलोनें येते. मुलाचें अंग गरम लागलें तर तापमापकावर फॅरनहाइटचा आकडा वाचला जातो. त्याच वेळीं वृत्तपत्रांत शहराचें तापमान मात्र सेल्सियसमध्यें छापलेलें असतें. वधुवरांच्या टिपणांत उंची फूट आणि इंच यांत दिलेली असते, आणि तिच्याच शेजारीं वजन किलोग्रामांत दिलेलें असतें. कापड मीटरनें फाडून घेतलें जातें आणि शिंपी त्याच कापडावर इंचाच्या फितीनें खुणा करतो. सोनें ग्रॅमनें तोललें जातें आणि तोळ्यानें बोललें जातें. जागेचें करारपत्र चौरस मीटरांत लिहिलेलें असतें आणि तिची किंमत चौरस फुटाच्या भावानें ठरते.

भारतांत मेट्रिक पद्धति कायद्यानें सर्वत्र लागू होऊन साठ वर्षें उलटून गेलीं. तरीहि जुनीं मापें घराबाहेर गेलेलीं नाहींत. तीं कां राहिलीं, कोठें राहिलीं, आणि त्यांच्या राहण्यानें कोणाचें काय बिघडतें, हे प्रश्न म्हणूनच विचार करण्याजोगे आहेत. यांपैकीं शेवटचा प्रश्न तर सरळ पैशाचा, जमिनीचा आणि क्वचित् प्रसंगीं जिवाचाहि आहे.

प्रथम जुन्या मापांकडे वळावें. महाराष्ट्रांत धान्य मोजण्याची रीत भरण्याची होती, तोलण्याची नव्हे. दोन निळव्यांचें एक कोळवें, दोन कोळव्यांचें एक चिपटें, दोन चिपट्यांचें एक मापटें, दोन मापट्यांचा एक शेर, चार शेरांची एक पायली, असा हा चढता क्रम होता. पुढें बहुतेक ठिकाणीं बारा पायल्यांचा मण आणि वीस मणांची खंडी होत असे. पण कांहीं ठिकाणीं मणाच्या पायल्या बारा नसून सोळा असत. सोन्याचा हिशेब निराळा होता. आठ गुंजांचा एक मासा आणि बारा माशांचा एक तोळा. जमीन काठी, पांड आणि बिघा या मापांनीं मोजली जाई. कापडाला गज होता आणि गजाचे चोवीस तसू होते.

या कोष्टकांत एक सूत्र आहे. निळव्यापासून शेरापर्यंत प्रत्येक पायरी दुपटीची आहे. ज्या दुकानदाराजवळ तराजू आणि एकच वजन आहे, त्याला कोणत्याहि वस्तूचे दोन समान भाग करतां येतात, त्या भागांचे पुन्हा दोन करतां येतात. दहा समान भाग मात्र करतां येत नाहींत. रुपयाचे सोळा आणे आणि शेराच्या सोळा छटाका झाल्या त्या या सोयीमुळें. मराठी शाळांतून पूर्वीं पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी पाठ करून घेत, त्याचेंहि कारण हेंच. पांच आणे चार पै शेर या भावानें पावणेचार शेर जिन्नसाची किंमत किती, असें विचारतांच पाऊणकी पाठ असलेला मुलगा एक रुपया चार आणे असें तत्काळ सांगे. ही पद्धति अडाणी नव्हती. ज्या बाजारांत कागद आणि पेन्सिल दुर्मिळ होती, त्या बाजाराला ती पुरेपूर शोभणारी होती.

तिचा दोष वेगळाच होता. नांव एक असून माप एक नव्हतें. मुंबईचा जुना मण २८ पौंडांचा होता, तर ज्याला सरकारी किंवा बंगाली मण म्हणत तो ८२ पौंडांहून किंचित् अधिक भरत असे. म्हणजे एकाच शब्दानें बोलल्या जाणाऱ्या दोन वजनांत जवळ जवळ तिपटीचें अंतर होतें. शेर, गज, बिघा यांचीहि तीच गत. गांव बदललें कीं माप बदले, आणि कित्येकदां गांव तेंच राहून जिन्नस बदलला तरी माप बदले. या गोंधळाचा लाभ ज्याला दोन्ही ठिकाणचीं मापें ठाऊक आहेत अशा व्यापाऱ्याला होई, आणि तोटा ज्याला आपल्या गांवापलीकडचें माप ठाऊक नाहीं अशा शेतकऱ्याला होई.

त्यांत इंग्रजी मापांची भर पडली. ब्रिटनमध्यें १८२४ सालच्या कायद्यानें ज्यांना साम्राज्याचीं प्रमाण मापें म्हणून ठरविण्यांत आलें, तीं फूट, यार्ड, मैल, पौंड आणि गॅलन हीं मापें राज्यकर्त्यांबरोबर येथें स्थिर झालीं. बारा इंचांचा फूट, तीन फुटांचा वार, १,७६० वारांचा मैल, सोळा औंसांचा पौंड, २,२४० पौंडांचा टन, असें हें कोष्टक आहे. त्यांत एका पायरीचा दुसऱ्या पायरीशीं मेळ नाहीं. गुणाकारासाठीं कधीं बारा, कधीं तीन, कधीं सोळा असे आंकडे लक्षांत ठेवावे लागतात. शिवाय हीं मापें इंग्रजी बोलणाऱ्या सर्व देशांत तरी एक होतीं काय? तेंहि नाहीं. ब्रिटिश गॅलन सुमारे ४.५४६ लिटरचा आणि अमेरिकन गॅलन सुमारे ३.७८५ लिटरचा आहे. दोन्ही देशांचा इंचदेखील सूक्ष्म प्रमाणांत भिन्न होता. १९५९ सालीं अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या देशांनीं करार करून एक इंच म्हणजे बरोबर २५.४ मिलिमीटर असें ठरविलें. म्हणजे आज जो इंच वापरांत आहे, त्याची व्याख्याच मुळीं मिलिमीटरवर उभी आहे.

मेट्रिक पद्धतीचा जन्म फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळांतला. त्या वेळीं फ्रान्सची स्थिति मराठी मुलखाहून फारशी वेगळी नव्हती. प्रांतोप्रांतीं निराळीं मापें होतीं, आणि जमीनदाराचें माप कुळाच्या मापाहून मोठें असल्याच्या तक्रारी होत्या. तेव्हां जें माप कोणा राजाच्या हातावरून किंवा पायावरून घेतलेलें नाहीं, असें माप शोधावें, अशी कल्पना निघाली. पृथ्वी सर्वांची आहे, म्हणून पृथ्वीवरूनच माप घ्यावें असें ठरलें. उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचा एक कोट्यंश भाग म्हणजे मीटर. त्यासाठीं दलांब्र आणि मेशें या दोन ज्योतिर्विदांनीं १७९२ पासून सहा वर्षांहून अधिक काळ खपून डंकर्कपासून बार्सिलोनापर्यंतचें अंतर मोजलें. त्यांचा मीटर खऱ्या हिशेबापेक्षां सुमारे एक पंचमांश मिलिमीटरनें आंखूड निघाला, हें पुढें उघड झालें. पण तोंपर्यंत तो रूढ होऊन बसला होता.

या पद्धतीचें मर्म दहाच्या पाढ्यांत तर आहेच. परंतु त्याहूनहि अधिक तें लांबी, आकारमान आणि वजन यांच्या परस्पर नात्यांत आहे. दहा सेंटीमीटर लांब, तितकीच रुंद आणि तितकीच खोल अशी पेटी घेतली, तर तिच्यांत एक लिटर पाणी मावतें आणि त्या पाण्याचें वजन एक किलोग्राम भरतें. गच्चीवर एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि एक मीटर खोल असा हौद बांधला, तर त्यांत हजार लिटर पाणी राहील आणि छपरावर त्या पाण्याचा भार एक हजार किलो, म्हणजे एक मेट्रिक टन पडेल. हें सांगावयास कोणत्याहि कोष्टकाची गरज नाहीं. तोच हिशेब फूट-पौंडांत करावयाचा झाला, तर एक घनफूट पाणी सव्वासहा गॅलनांच्या जवळपास असतें आणि त्याचें वजन सुमारे ६२.४ पौंड असतें, हे दोन आंकडे पाठ असावे लागतात. गृहस्थानें हौदाचा भार स्वतः काढून पाहावा कीं गवंड्याच्या शब्दावर विसंबावें, हें पुष्कळदां अशा लहानशा सोयीवर अवलंबून असतें.

तथापि इतकी सोयीची पद्धति तिच्या जन्मभूमींतहि एका दिवसांत रुजली नाहीं. १७९५ सालीं फ्रान्सनें ती कायद्यानें स्वीकारली. परंतु लोकांनीं जुनीं नांवें आणि जुने भाग सोडले नाहींत. अखेर १८१२ सालीं नेपोलियनच्या सरकारला तडजोड करून जुन्या नांवांचीं मापें पुन्हा चालूं द्यावीं लागलीं. १८३७ च्या कायद्यानें ही सवलत काढून घेतली आणि १ जानेवारी १८४० पासून मेट्रिक पद्धति तेथें खऱ्या अर्थानें सक्तीची झाली. म्हणजे फ्रान्सलाहि पंचेचाळीस वर्षें लागलीं. २० मे १८७५ रोजीं सतरा राष्ट्रांनीं पॅरिस येथें मीटरच्या करारावर सह्या केल्या, आणि तेथून ही पद्धति एका देशाची न राहतां जगाची झाली. तिचा पायाहि पुढें बदलत गेला. १९८३ पासून मीटर प्रकाशाच्या वेगावरून ठरतो, आणि २० मे २०१९ पासून किलोग्राम हा पॅरिसजवळ जपून ठेवलेल्या धातूच्या ठोकळ्यावर अवलंबून न राहतां प्लांकच्या स्थिरांकावरून ठरतो.

हिंदुस्थानांत हा विचार स्वातंत्र्यापूर्वीं फार अगोदर पोंचला होता. लॉर्ड मेयो यांच्या कारकीर्दींत, १८७१ सालीं, एक कायदा मंजूर झाला. त्यांत शेराचें वजन एका किलोग्रामाएवढें धरावें अशी योजना होती. तो कायदा कागदावरच राहिला. तो अंमलांत आला असता, तर शेर हा शब्दहि टिकला असता आणि मापहि मेट्रिक झालें असतें. पुढें १९३२ सालीं मुंबई प्रांतानें वजनमापांचा स्वतःचा कायदा केला, आणि १९३९ सालच्या मध्यवर्ती कायद्यानें १८० ग्रेनांचा तोळा, ऐंशीं तोळ्यांचा शेर आणि चाळीस शेरांचा मण हीं प्रमाण वजनें ठरविलीं. एकाच नांवाचीं अनेक वजनें असण्याचा दोष यामुळें कागदोपत्रीं तरी दूर झाला.

स्वातंत्र्यानंतर आधीं नाण्यांत बदल झाला. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर नये पैसे झाले. एका आण्याचे सव्वासहा नये पैसे होत. पण सव्वा पैशाचें नाणें नव्हतें. म्हणून एका आण्याचे सहा, दोन आण्यांचे बारा, तीन आण्यांचे एकोणीस आणि चार आण्यांचे पंचवीस असें कोष्टक ठरविण्यांत आलें. तीन आण्यांचा जिन्नस एकदम घेतला तर एकोणीस पैसे आणि आण्या-आण्यानें तीनदां घेतला तर अठरा पैसे, असा चमत्कार त्यामुळें घडे. वजनमापांचा कायदा डिसेंबर १९५६ मध्यें झाला आणि १ ऑक्टोबर १९५८ पासून तो टप्प्याटप्प्यानें लागू होऊं लागला. एप्रिल १९६२ मध्यें जुनीं वजनें देशभर बेकायदा ठरलीं. इतक्या मोठ्या आणि इतक्या भाषांच्या देशानें सुमारे पांच वर्षांत नाणें आणि वजन हीं दोन्ही बदलावीं, ही गोष्ट सामान्य नव्हे. ब्रिटननें हें कार्य १९६५ सालीं हातीं घेतलें, आणि तेथील रस्त्यांवर अजूनहि मैलच लिहिलेले आहेत. अमेरिकेनें १९७५ सालीं कायदा केला, पण तो ऐच्छिक ठेवला. त्यामुळें तेथील घरांत आजहि पौंड आणि गॅलन यांचेंच राज्य आहे.

मग भारतांतील बदल कोठें पूर्ण झाला आणि कोठें अडला? बारकाईनें पाहिलें तर त्यांत एक नियम दिसतो. जें माप दुकानदाराच्या हातांत होतें आणि ज्यावर निरीक्षकाचा शिक्का बसे, तें बदललें. तराजूंतलें शेराचें वजन जप्त करून तेथें किलोचें ठेवतां येतें. दुधाचें माप बदलतां येतें. कापडाच्या दुकानांतली पट्टी बदलतां येते. परंतु जें माप माणसाच्या आठवणींत, जुन्या कागदांत किंवा यंत्राच्या सांच्यांत बसलेलें होतें, त्याला निरीक्षकाचा हात पोंचला नाहीं. मुलगी किती उंच आहे हें डोळ्यांनीं ठरतें, आणि डोळ्याला फूट ठाऊक असतो. शेताची हद्द जुन्या नकाशावर असते. नळाचा आंटा ज्या यंत्रावर पडतो तें यंत्र इंचाचें असतें. म्हणून घराच्या नळाला आजहि अर्धा इंची म्हणतात. प्लायवुडचा तक्ता आठ फूट लांब आणि चार फूट रुंद असतो, पण त्याची जाडी मिलिमीटरांत सांगतात. बांधकामावरचा मिस्त्री दहा मिलिमीटरच्या सळईला तीन सुती आणि बारा मिलिमीटरच्या सळईला चार सुती म्हणतो. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. मोटारीच्या टायरवर रुंदी मिलिमीटरांत आणि चाकाचा व्यास इंचांत असे दोन आंकडे शेजारीं शेजारीं छापलेले असतात. नऊवारी लुगडें मीटरच्या हिशेबानें सव्वाआठ मीटर भरतें. म्हणून त्याला कोणी सव्वाआठमीटरी म्हणूं लागलेलें नाहीं, आणि म्हणणारहि नाहीं.

शब्द राहिले तर त्यांत वाईट कांहीं नाहीं. तसूभर जागा, रतीभर सोनें, मणभर ओझें, शेरास सव्वाशेर हे प्रयोग भाषेचें धन आहेत. पंचवीस पैशांचें नाणें ३० जून २०११ पासून चलनांतून गेलें, तरी चार आणे हा शब्द गेला नाहीं. अडचण तेव्हांच उत्पन्न होते, जेव्हां जुन्या शब्दाच्या आंत नवें माप शिरतें आणि व्यवहारांतील दोन पक्ष त्या शब्दाचे दोन अर्थ धरतात.

याचें सर्वांत ठळक उदाहरण सोन्याचें. जुना तोळा ११.६६४ ग्रॅमचा होता. आज बाजारांत दहा ग्रॅमचा भाव सांगतात, आणि बोलण्यांत त्यालाच एक तोळा म्हणण्याची रूढि पडली आहे. आजीच्या वेळच्या यादींत दहा तोळ्यांचा दागिना असें लिहिलेलें असेल, तर तो सुमारे ११६.६ ग्रॅम भरला पाहिजे. तोच दागिना आज वाटणीच्या वेळीं कोणी शंभर ग्रॅमचा धरून हिशेब केला, तर साडेसोळा ग्रॅमांहून अधिक सोनें हिशेबांतून नाहींसें होतें. कोणी लबाडी केलेलीच असते असें नाहीं. एका शब्दाचे दोन अर्थ एवढेंच कारण त्याला पुरें होतें. भावाभावांत आणि सासर-माहेरांत अशा कारणानें किल्मिष उत्पन्न होऊं नये अशी इच्छा असेल, तर जुन्या यादीवर तोळ्यांसमोर ग्रॅमचा आंकडा लिहून ठेवणें हा सोपा उपाय आहे.

जमिनीचें उदाहरण याहून सूक्ष्म आहे. इंग्रजी मोजणींत तेहतीस फुटांची साखळी असे आणि तिचे सोळा आणे पाडलेले असत. तेहतीस फूट लांब व तेहतीस फूट रुंद असा तुकडा म्हणजे एक गुंठा. त्याचे १,०८९ चौरस फूट होतात, आणि चाळीस गुंठ्यांचा एक एकर होतो. सातबाराच्या उताऱ्यावर आतां क्षेत्र हेक्टर आणि आर यांत लिहितात. एक आर म्हणजे शंभर चौरस मीटर. एक गुंठा मात्र १०१.१७ चौरस मीटरांचा असतो. अंतर इतकें थोडें आहे कीं बोलतांना आर आणि गुंठा हे एकच समजले जातात. एखाद्या गुंठ्यापुरतें तें चालून जाईल. परंतु एका हेक्टरचे शंभर गुंठे होत नाहींत. ते सुमारे ९८.८४ होतात. पांच हेक्टरांचे पांचशें गुंठे धरून कोणी पैसे मोजले, तर तो जवळ जवळ पावणेसहा गुंठे जमिनीचे पैसे जास्त देतो. हें क्षेत्र सुमारे ६,३०० चौरस फुटांचें आहे. एवढ्या जागेंत बागेसह एक टुमदार बंगला उभा राहतो.

शहरांतील जागेच्या बाबतींत चूक निराळ्या रीतीनें होते. एका मीटरचे ३.२८ फूट होतात, हें पुष्कळांना ठाऊक असतें. पण एका चौरस मीटरचे १०.७६ चौरस फूट होतात, हें विसरलें जातें. साठ चौरस मीटरची जागा म्हणजे ६४६ चौरस फुटांच्या जवळपास. तोंडी हिशेबासाठीं दहानें गुणून कोणी तिला सहाशें चौरस फुटांची म्हटलें, तर शेहेचाळीस चौरस फूट, म्हणजे एका न्हाणीघराहून थोडी अधिकच जागा, बोलण्यांतून गळून पडते. वाळू आणि खडी यांचा ब्रास हाहि असाच जुना पाहुणा आहे. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट, अर्थात् सुमारे २.८३ घनमीटर. कापसाच्या बाजारांत खंडी टिकून आहे; ती २८ पौंडांच्या २८ मणांची, म्हणजे ७८४ पौंडांची होती, आणि आज तिचे सुमारे ३५६ किलोग्राम धरतात.

प्रकृतीच्या बाबतींत या दोन मापांकडे अधिक सावधपणें पाहिलें पाहिजे. निरोगी माणसाची उष्णता ९८.६ अंश असते, हा आंकडा घरोघर पाठ असतो. तो आला कोठून? जर्मन वैद्य वुंडरलिश यांनीं असंख्य रुग्णांची उष्णता मोजून १८६८ सालीं सरासरी ३७ अंश सेल्सियस अशी दिली. त्या सरळ आंकड्याचें फॅरनहाइटमध्यें रूपांतर केलें तेव्हां ९८.६ आलें. पुढील दशांशामुळें तो आंकडा जणूं कांहीं काट्यावर तोललेला वाटतो. प्रत्यक्षांत निरोगी माणसाची उष्णता वेळेप्रमाणें आणि वयाप्रमाणें थोडी खालींवर होतच असते. याच्या उलट, ४० अंश हा आंकडा उन्हाळ्यांत नागपूरच्या बातमींत रोज वाचून अंगवळणीं पडलेला असतो. पण तापमापक सेल्सियसचा असून त्यावर ४० दिसले, तर तो १०४ अंशांचा ताप आहे, हें ध्यानांत यावयास क्षणभर विलंब लागतो. आईला तो विलंब परवडणारा नसतो.

औषधाच्या चमच्याची गोष्टहि तशीच. वैद्यकांत लहान चमचा पांच मिलिलिटरचा आणि मोठा चमचा पंधरा मिलिलिटरचा धरतात. स्वयंपाकघरांतील चमचा कोणत्याहि मापाचा असूं शकतो. बाळाला द्यावयाची मात्रा बहुधा त्याच्या किलोग्रामांतील वजनावरून ठरते. पूर्वींच्या पिढींत सात पौंडांचें बाळ असें म्हणण्याची चाल होती. तें बाळ ३.१८ किलोग्रामांचें. जो पौंडांचा आंकडा आहे तोच किलोचा समजला गेला, तर मात्रा दुपटीहून अधिक होईल. म्हणून बाटलीबरोबर आलेलें टोपण किंवा पिचकारी हेंच माप वापरावें, आणि वजन सांगतांना किलो हा शब्द स्पष्ट उच्चारावा.

उंचीच्या बाबतींत हानि लहान, पण गंमत मोठी आहे. पांच फूट दहा इंच ही उंची पुष्कळजण ५.१० अशी लिहितात. जो पांच फूट नऊ इंच आहे तो ५.९ लिहितो. आतां दशांशाच्या नियमानें ५.९ हा आंकडा ५.१० पेक्षां मोठा ठरतो, आणि यंत्राकडे ही यादी दिली तर यंत्र ठेंगण्याला उंच ठरवितें. बारांचें माप दहाच्या चौकटींत कोंबलें कीं असें होतें.

घरांत जें लहान प्रमाणांत घडतें, तेंच मोठ्या प्रमाणांत घडल्याचे दोन प्रसंग जगाला ठाऊक आहेत. २३ जुलै १९८३ रोजीं कॅनडांत एक मोठें प्रवासी विमान एकेचाळीस हजार फुटांवर असतांना त्याचें इंधन संपलें. कॅनडा त्या काळांत पौंडांवरून किलोग्रामांवर येत होता. विमानांतील इंधनदर्शक नादुरुस्त असल्यामुळें हिशेब हातानें करण्यांत आला. २२,३०० किलोग्राम इंधन हवें होतें. लिटरांचें वजन काढतांना किलोग्रामांचा आंकडा वापरावयाच्या ऐवजीं पौंडांचा वापरला गेला, आणि विमान २२,३०० पौंडांवर, म्हणजे आवश्यकतेच्या निम्म्याहून कमी इंधनावर, उडालें. वैमानिकांनीं तें इंजिनांवाचून तरंगत आणून गिमली येथील जुन्या विमानतळावर उतरविलें आणि सर्व ६९ जणांचे प्राण वांचले. दुसरा प्रसंग २३ सप्टेंबर १९९९ चा. अमेरिकेचें मंगळाकडे पाठविलेलें एक यान नऊ महिन्यांच्या प्रवासानंतर ग्रहाच्या फारच जवळ जाऊन नष्ट झालें. चौकशींत असें आढळलें कीं, एका गटाच्या गणितांत जोराचे आंकडे पौंडाच्या मापांत होते आणि दुसऱ्या गटानें ते न्यूटनच्या मापांत आहेत असें समजून वापरले. दोहोंत सुमारे साडेचार पटींचें अंतर आहे. दोन्ही गटांचें गणित आपापल्या जागीं बरोबर होतें. आंकड्याबरोबर मापाचें नांव गेलें नाहीं, एवढाच दोष होता.

यावरून जुनीं मापें वाईट आणि नवीं तेवढीं चांगलीं, असा निष्कर्ष काढणें उतावीळपणाचें होईल. निम्मे आणि पाव करण्याची सोय जुन्या मापांत होती, आणि ती माणसाच्या हाताला इतकी सहज आहे कीं मेट्रिक बाजारांतहि गिऱ्हाईक पावकिलो आणि अर्धा किलोच मागतें. दशांश किलो कोणी मागत नाहीं. भाजीवालीजवळ आजहि कित्येकजणी पावशेर मागतात आणि २५० ग्रॅम घेऊन जातात. खरा पावशेर २३३ ग्रॅमांचा होता, म्हणजे या एका बाबतींत तरी गिऱ्हाईकाचा लाभच झाला आहे. परंतु ज्या दिवशीं दोन गांवांतले, दोन देशांतले किंवा दोन पिढ्यांतले लोक एकमेकांशीं व्यवहार करूं लागतात, त्या दिवशीं हाताची सोय पुरेनाशी होते आणि सर्वांचें एक माप लागतें. शेतकऱ्याला त्याच्या गांवापलीकडेहि फसवितां येऊं नये, ही मेट्रिक पद्धतीची मूळ प्रतिज्ञा होती. आणि भारतापुरतें बोलावयाचें तर तराजूच्या बाबतींत ती बव्हंशीं खरी झाली आहे.

जी राहिली आहे ती बोलण्यांतली आणि कागदांतली बाजू. ती कायद्यानें सुधारणारी नाहीं. गृहस्थ आणि गृहिणी यांच्या संवयीनें सुधारेल. त्यासाठीं तोळा आणि गुंठा हे शब्द टाकून देण्याचें कारण नाहीं. बोलतांना ते खुशाल वापरावे. मात्र जेथें पैसा, जमीन किंवा औषध यांचा संबंध येतो, तेथें शब्दाशेजारीं ग्रॅम, चौरस मीटर किंवा मिलिलिटर यांचा आंकडा लिहावा, आणि समोरच्याकडूनहि तो लिहून घ्यावा. नुसता आंकडा हा अर्धाच निरोप असतो. मापाचें नांव जोडलें म्हणजे तो पुरा होतो.